पट्टी की सप्तक, लय की ताल, थाट की राग: गोंधळ कानानेच सोडवायची पद्धत

सोसायटीचा गणपती असो, कराओकेचा ग्रुप असो नाहीतर सकाळच्या लोकलमधलं भजनी मंडळ, लोकांना गाणं बऱ्यापैकी कळतं पण गाण्याबद्दल बोलायला गेले की शब्द एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. "स्केल जरा फास्ट आहे", "ताल थोडा कमी कर", "हा वरच्या पट्टीतला राग ना?" असं काहीही कानावर येतं, आणि गंमत म्हणजे रोजच्या माणसांना ते समजतंही. अडतं ते तबलजी किंवा पेटीवाला नवीन असला की. मी पेटी वाजवतो म्हणून सांगतो, "जरा वर घ्या" याचा अर्थ आवाज मोठा करा, पट्टी चढवा, वरच्या सप्तकात वाजवा किंवा सरळ स्पीड वाढवा, यातला कुठलाही असू शकतो आणि गाणारा एकदा माइकसमोर उभा राहिला की विचारायला वेळ नसतो.

व्याख्या पाठ करून हे सुटत नाही. परीक्षेला बसणारी पोरं "लय म्हणजे दोन मात्रांमधलं समान अंतर" घडाघडा म्हणतात आणि दुसऱ्या मिनिटाला ताल वाढवला म्हणतात. त्यापेक्षा सोपी पद्धत आहे. ज्या दोन शब्दांत गोंधळ होतोय त्यातली एक गोष्ट बदलायची आणि दुसरी तशीच ठेवता येते का बघायचं. ठेवता आली की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कानालाच कळतं, सांगावं लागत नाही. यासाठी एक मोबाइल, त्यात तानपुऱ्याचं एखादं फुकट ॲप, आणि पेटी नसेल तर मोबाइलवरचा पियानो एवढं पुरतं.

सगळ्यात सोपं आधी. गाणं लावा, व्हॉल्यूम वाढवा. गाणारा उंच गायला लागला का? नाही. म्हणजे आवाज मोठा होणं वेगळं आणि स्वर उंच होणं वेगळं. हे लहान पोराला पण कळतं, पण गाताना मोठी माणसं विसरतात, वरचा सूर आला की घसा ताणून ओरडतात. वरचा सा हळू आवाजात लावून बघा, लागतो, फक्त सवय नसते.

आता पट्टी, जिथे मुंबईतला अर्धा गोंधळ आहे. पट्टी म्हणजे तुम्ही तुमचा सा कुठे ठेवलात ते. पेटीवर पाच काळ्या आणि सात पांढऱ्या पट्ट्यांचा गट परत परत येतो, त्यातल्या ज्या पट्टीवर सा धराल ती तुमची पट्टी. काळी एक म्हणजे गिटारवाल्याचा सी शार्प, पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प. पुरुष साधारण पांढरी एक, काळी एक, पांढरी दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार, काळी पाच वगैरे, पण हा काही कायदा नाही, तुमच्या गळ्याला जे झेपेल ते.

इथे एक फसवणूक आहे जी कोणी सांगत नाही. काळी एक, काळी दोन, काळी तीन हे नंबर ऐकून वाटतं की सगळ्यांत सारखंच अंतर असेल. तसं नाहीये. काळी एक ते काळी दोन दोन पायऱ्या, पण काळी दोन ते काळी तीन तीन पायऱ्या, कारण मध्ये पांढरी तीन आणि पांढरी चार एकमेकींना चिकटून बसल्यात, त्यांच्यामध्ये काळी नाही. तसंच काळी पाचवरून पुढच्या काळी एकला जाताना पण तीन पायऱ्या. कराओके ॲपमध्ये पट्टी बदलायचं बटण असतं तिथे प्लस एक, मायनस एक म्हणजे अशी एक पायरी, काळी-पांढरी सगळ्या धरून. समजा ट्रॅक काळी एकचा आहे आणि तुम्ही मायनस तीन केलंत, तर पहिली पायरी पांढरी एक, दुसरी पांढरी सात, तिसरी काळी पाच. म्हणजे तुम्ही खालच्या काळी पाचला आलात. हे बोटाने मोजून एकदा करा, मग कार्यक्रमाच्या दिवशी "मायनस किती करू" असं व्हॉट्सॲपवर विचारायची वेळ येत नाही.

स्केल या शब्दाचं काय? आपल्याकडे "तुमचं स्केल काय" म्हणजे सा कुठला, पट्टी कुठली, एवढंच. पाश्चात्त्य संगीत शिकलेला माणूस मात्र स्केल म्हणजे स्वरांचा संच समजतो, मेजर, मायनर वगैरे. तो "सी शार्प मायनर" म्हणाला की त्यातलं सी शार्प ही तुमची पट्टी, काळी एक, आणि मायनर म्हणजे त्या सा-वरून ग, ध आणि नी कोमल (एक पायरी खाली), आपल्या आसावरी थाटाच्या जवळचं (थाटाचं पुढे सांगतो). मेजर म्हणजे सगळे शुद्ध (कोणी वर-खाली नाही), बिलावल थाट. त्याने ए मायनर सांगितलं आणि तुम्ही सी मेजर ऐकलंत तर पेटीवर बोटं त्याच सात पांढऱ्या पट्ट्यांवर फिरतील पण सा चुकीच्या जागी असेल, त्याचा सा पांढरी सहा आणि तुमचा पांढरी एक. सगळे स्वर बरोबर आणि गाणं मात्र घरी पोचत नाही, असं का होतंय ते कळत नाही, ते यामुळे.

सप्तक म्हणजे सा ते नी हा सात सुरांचा गट, तोच वर आणि खाली परत येतो. पट्टी आणि सप्तक वेगळं करायला गणपतीच्या आरतीसारखं साधन नाही. पुरुष आणि बायका एकत्र आरती म्हणतात तेव्हा पट्टी एकच असते, सप्तक वेगळं. बायका बहुतेक वेळा पुरुषांच्या बरोबर एक सप्तक वर असतात, म्हणून एका सुरात वाटतं. पुरुषांना सोयीची पट्टी घेतली तर बायकांना एकतर फार वर जाते नाहीतर घशात अडकते, हे दर वर्षीचं. आणि पहिल्या आरतीपासून शेवटच्या लोटांगणापर्यंत नीट लक्ष ठेवून ऐका, पट्टी हळूहळू चढत जाते, लय पण चढते, आणि टाळ्या मात्र तितक्याच राहतात. दोन गोष्टी बदलल्या, एक नाही. सप्तक, ऑक्टेव्ह हे दोन्ही एकाच गोष्टीचं मोजमाप आहे, आपण वरचा सा मोजत नाही म्हणून सात, ते मोजतात म्हणून आठ.

आता लय आणि ताल. यूट्यूबवर कुठलंही गाणं लावा आणि प्लेबॅक स्पीड १.२५ करा. गाणं धावायला लागलं, म्हणजे लय वाढली. पट्टी? तीच, कारण ॲप ती सांभाळतं (जुन्या टेपरेकॉर्डरवर स्पीड वाढवला की पट्टी पण चढायची आणि गायक चिपमंक व्हायचा, त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात हे दोन्ही एकच झालंय). आणि ताल? आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा, केरवा होता तर आठच आहेत, फक्त लवकर संपतायत. लय म्हणजे चाल धीमी की जलद, म्हणजेच टेम्पो, आणि ताल म्हणजे किती मात्रांनी फिरून परत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं तो हिशोब. म्हणून "ताल वाढव" हे वाक्य तबलजीला निरर्थक आहे. केरव्याचे आठाचे दहा कसे करणार तो बिचारा.

ठेका ही तिसरी गोष्ट. ताल हा हिशोब, आणि त्या हिशोबाला तबल्यावर ठरलेले बोल म्हणजे ठेका. दादरा म्हणजे सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना. केरवा आठ, धा गे ना ती न क धी न. रूपक सात, ती ती ना, धी ना, धी ना, आणि रूपकात सम आणि खाली (टाळी न द्यायची जागा) एकाच जागी येतात, त्यामुळे नवशिक्यांची समेवर टाळी द्यायची की नाही यावरून भांडणं होतात. द्यायची नाही, हात मोकळा सोडायचा.

बरं, मात्रा मोजल्या म्हणजे ताल ओळखला असंही नाही. एकतालाच्या १२ आणि चौतालाच्या पण १२. पहिला तबल्यावर ख्याल या गायनप्रकाराबरोबर, दुसरा पखवाजावर ध्रुपद या जुन्या गायनप्रकाराबरोबर. दीपचंदी, झूमरा, धमार तिन्ही १४. तीनताल १६ आणि तिलवाडा पण १६. भजनी ठेका, धुमाळी, केरवा हे सगळे आठवाले, आणि तरी भजनी मंडळात तुम्ही साधा केरवा लावून दिलात तर पखवाजवाला मान वर करून बघतो. वजन कुठे पडतंय, खाली कुठे आहे, यावर ताल ठरतो, बेरजेवर नाही.

आणि दादरा. ताल पण दादरा आणि ठुमरीच्या घरातला एक गायनप्रकार पण दादरा. धमारचं पण तसंच, ताल आणि गायनप्रकार दोन्ही. कार्यक्रमपत्रिकेत "दादरा" लिहिलं असेल तर ते बहुतेक गायनप्रकार असतो, आणि तो दादरा तालातच असेल अशी खात्री नाही, केरव्यात पण दादरे गातात. वैताग आहे, पण आहे.

लय वाढवणं आणि दुगुन यातला फरक मात्र पायानेच कळतो. पायाने एकसारखी थाप धरा, घड्याळासारखी. प्रत्येक थापेला एक बोल म्हणा, धा, धिं, धिं, धा. आता पाय तसाच ठेवून प्रत्येक थापेत दोन बोल बसवा. ही दुगुन. लय बदललेली नाही, पाय साक्षीला आहे. आता पायच भरभर चालवा, ही लय वाढली. तबल्याच्या क्लासला जाणारी निम्मी पोरं दुगुन म्हणताना पाय पण पळवतात आणि मग चौगुनीला (एका थापेत चार बोल) जीभ अडखळते. आधी पाय, मग तोंड.

आता थाट आणि राग, इथे जरा रेंगाळू या, कारण इथे पेटीवर एक भारी प्रयोग आहे. फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढऱ्यांना हात लावायचा नाही. तानपुरा ॲपवर काळी तीनचा सा लावा आणि तिथून काळ्या पट्ट्या वर वाजवा, सा रे ग प ध, हे भूप रागाचे स्वर झाले. आता तानपुरा काळी एकवर घ्या, त्याच पट्ट्या, आता ऐकू येतंय सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. तानपुरा काळी पाचवर घ्या, त्याच पाच पट्ट्या आणि कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नी, चक्क मालकंस. काळी दोनवर धानीचे स्वर मिळतात, काळी चारवर मधमाद सारंगाचे. बोटं तीच, पट्ट्या त्याच, फक्त सा हलवला. तानपुऱ्याशिवाय हा प्रयोग करू नका, कानाला सा नसेल तर पाचही वेळा एकसारखंच वाटेल आणि तुम्ही म्हणाल काय फालतूपणा आहे.

मग राग म्हणजे स्वरांचा संच का? तेही नाही. भूप आणि देशकार घ्या. दोघांचा सा एकाच जागी, दोघांत सा रे ग प ध, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. भूप ग-वर विसावतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरात गातात. देशकार ध-वरून खेळतो, वरच्या अंगाने चालतो, सकाळी गातात. भूपात ग-वर थांबा, खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) ध-पर्यंत जाऊन या. मग देशकारात सतत ध, प, ग प ध असं वरच राहून बघा. स्वर तेच, माणूस वेगळा वाटतो. मारवा, पूरिया, सोहनी ही तिघंही अशीच, तिघांत कोमल रे आणि तीव्र म (एक पायरी वरचा) आणि प वर्ज्य, पण मारवा ऐकून कोणी सोहनी म्हणणार नाही. राग म्हणजे त्या स्वरांतून चालायची ठरलेली रीत, कुठे थांबायचं, कुठून वळायचं, कोणाला मान द्यायचा.

आणि थाट म्हणजे रागांची वर्गवारी करायला केलेले दहा कप्पे. हे केले पंडित विष्णू नारायण भातखंड्यांनी, जन्म १८६० चा, आपल्या मुंबईतच, वाळकेश्वरला, आणि शिक्षणाने वकील. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. थाटात सात स्वर क्रमाने असायलाच हवेत, रागात पाच पण चालतात. थाट गात नाहीत. कोणी म्हणालं "मी कल्याण थाट गायलो" तर तो यमन किंवा तत्सम काहीतरी गायलाय. कप्पे सोयीचे आहेत, पण कप्पेच आहेत. भूपात म पण नाही आणि नी पण नाही, तरी तो कल्याण थाटात टाकलाय, आणि त्याचे जुळे स्वर असलेला देशकार बिलावलात. का, तर चालीवरून. माझं मत विचाराल तर सुरुवातीला थाट पाठ करण्यात वेळ घालवू नका, परीक्षा तोंडावर असेल तेव्हा करा.

भैरव आणि भैरवी हे नवरा-बायको समजून एकत्र ठेवू नका. भैरवात रे आणि ध कोमल, बाकी शुद्ध, पहाटेचा गंभीर राग. भैरवीत रे ग ध नी चारही कोमल, आणि हा थाट झाला, प्रत्यक्ष भैरवी गाताना गवई बाराच्या बारा स्वर लावतात. मैफल संपवताना गातात ती भैरवी.

आलाप आणि तान यात लोक सावकाश आणि फास्ट एवढंच बघतात, ढोबळपणे ठीक आहे. फक्त आलाप म्हणजे तबल्याशिवायचं गाणं हा समज काढून टाका, बड्या (संथ लयीतल्या) ख्यालात आलाप ठेक्याबरोबरच चालतो. सरगम म्हणजे स्वरांची नावं घेऊन गाणं, आकार म्हणजे नुसत्या आ-मध्ये.

मींड आणि गमक. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर मधला धागा न तोडता जाणं, गमक म्हणजे स्वराला जोर देऊन हलवणं. सा-वरून प-ला जाताना आवाज तुटला नाही तर मींड. पेटीवर ही मींड निघतच नाही, पट्ट्या सुट्या आहेत, आणि मी पेटीवाला असून कबूल करतो. याच कारणाने, आणि पेटीच्या ठरलेल्या बारा सुरांत श्रुती, म्हणजे सुरांच्या मधल्या बारीक जागा, बसत नाहीत म्हणून, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. स्वर बारा, श्रुती बावीस, असा तो जुना हिशोब. रोजच्या गाण्याला एवढं लक्षात ठेवा की दरबारी रागातला कोमल ग पेटीच्या कोमल ग-पेक्षा खालचा असतो आणि डोलतो, म्हणून पेटीवर दरबारी वाजवताना त्या ग-वर बोट फार वेळ ठेवायचं नाही.

इथेच आणखी एक चकवा. कणस्वर आणि कणसूर. कणस्वर म्हणजे मुख्य स्वराला लागून येणारा निसटता शेजारचा स्वर, कौतुकाची गोष्ट. कणसूर म्हणजे सूर किंचित हललेला, जवळ आहे पण लागलेला नाही. कोणी "कण सुंदर लागला" म्हणालं तर लाजा, "जरा कणसूर होतंय" म्हणालं तर तानपुरा मोठा करा. आणि बेसूर वेगळं, बेताल वेगळं, हे तर सगळ्यांना माहीत असतं, फक्त स्वतःच्या बाबतीत नाही.

गायनप्रकारांत जास्त घोळ शब्द आणि गाणं एक समजल्यामुळे होतो. अभंग आणि गझल हे आधी काव्याचे प्रकार आहेत. तुकोबांचा अभंग कागदावर वाचला तरी अभंगच. तो तुम्ही वारकरी पद्धतीने टाळ-मृदंगावर म्हणा, मैफलीत ख्यालाच्या अंगाने गा किंवा सिंथेसायझरवर रॉक करा, अभंगच राहतो. भजन म्हणजे म्हणण्याची रीत, त्यात अभंग असेल, गवळण असेल, भारूड असेल. आधुनिक कवीने देवावर लिहिलेलं गाणं ते भक्तिगीत, त्याला अभंग म्हणायची गरज नाही. तसंच संथ चालीत पेटी-तबल्यावर उदास काहीतरी गायलं की गझल होत नाही, काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागे परत येणारे शब्द) आणि मतला (पहिला शेर) नसेल तर ते भावगीत म्हणा, काही कमीपणा नाही त्यात. चाल बदलून बघा, चाल बदलली तरी जे टिकतं ते काव्यप्रकाराचं नाव, जे जातं ते गाण्याचं.

ध्रुपद आणि ध्रुवपद यांची पण सरमिसळ चालते. ध्रुपद हा जुना गायनप्रकार, पखवाजाबरोबरचा. मराठीत गाण्याचं ध्रुवपद म्हणजे परत परत येणारी ओळ. मुखडा सिनेमाच्या गाण्यात सुरुवातीच्या ओळींना म्हणतात, ख्यालात मात्र मुखडा म्हणजे समेवर आणून सोडणारा तो छोटा तुकडा. त्यामुळे "मुखड्यावरून घ्या" म्हणताना समोरचा कुठल्या गोटातला आहे ते बघून बोला.

चाल आणि संगीत संयोजन. गाणं भांडी घासताना नुसतं गुणगुणा, जे उरलं ती चाल, ती संगीतकाराची. जे गेलं, म्हणजे सुरुवातीची व्हायोलिनं, मधली बासरी, दोन कडव्यांमधला तो तुकडा, ते बहुतांशी संयोजकाने, अरेंजरने लिहिलेलं असतं. मुंबईच्या सिनेसंगीतात हे काम गोव्याकडच्या वादकांनी खूप केलं, शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसूझा होते, मराठीत अनिल मोहिल्यांचं नाव घ्यायलाच हवं. बऱ्याचदा आपण "काय चाल आहे" म्हणतो तेव्हा आपल्याला आवडलेला असतो मधला म्युझिक पीस.

राहिली वाद्यं, भरभर सांगतो. लावणीला वाजते ती ढोलकी, कडक तिखट आवाजाची. ढोलक जाड, फुगीर पोटाचा, घरगुती गाण्याबजावण्यात दिसतो. वारकरी ज्याला मृदंग म्हणतात तो पखवाज, कर्नाटक संगीतातला मृदंगम वेगळा. पेटी, बाजा, हार्मोनियम, संवादिनी सगळं एकच, पण संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन वेगळा, त्याच्या सुराला वेगळीच घनता असते. तंबोरा आणि तानपुरा एकच. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत लालबाग-परळला ज्याला आपण बेंजो म्हणतो तो अमेरिकन कातडी मढवलेला बँजो नव्हे, ते बटणं दाबून वाजवायचं, पिकअप बसवलेलं बुलबुल तरंग आहे. ऑनलाइन मागवणार असाल तर बुलबुल तरंग असंच टाइप करा, नाहीतर भलतंच वाद्य घरी येईल आणि रिटर्नची तारीख पण निघून जाईल.